निरोप्यानं पाणी प्यायचं नसतं

वाळूआबाला जाळून झालं, माणसं आंघोळी करून आपापल्या घरी गेली, राख थंड झाली, आणि मग दुसऱ्या दिवशी त्याची लेक आली. लहानी तिचं नाव. आटगावच्या आत, डोंगराच्या पोटाला एक पाडा हाय, तिथं तिला दिलेली. जीपमधून उतरली ती घरी नाय गेली, सरळ नदीवर गेली. राखेपाशी उभी राहिली. बायका पदर खोचून तयार, आता ही हंबरडा फोडणार नि आपण हिला धरायचं. पण तिनं काय हंबरडा फोडला नाय. वळली, माणसांत गणूला हुडकलं आणि त्याच्या पुढ्यात येऊन म्हणाली,

"गणूदादा, तुझा बाप असता ना, तर मला माझ्या बापाचं तोंड दिसलं असतं."

बस. आणखी एक शब्द नाय. आयेजवळ घटकाभर बसली नि संध्याकाळच्या जीपनं परत गेली. दहाव्याला आली तेव्हा तर गणूकडं बघितलंसुद्धा नाय.

गणू मेल्यासारखा झाला. चारचौघांत कोणी कानाखाली मारावी आणि आपल्याला उलटून बोलायला तोंड नसावं, तसं. कारण बाई खरं बोलली होती.

आता हे नीट सांगायला पाहिजे. वैशाखऱ्याच्या अलीकडचं हे गाव. तिथं एक रीत अजून चालू हाय. घरात माणूस गेलं की त्या घरानं आपल्या तोंडानं 'गेला' म्हणायचं नाय. ते सांगायचं काम गावानं एका घराला दिलेलं. निरोप्याचं घर म्हणतात त्याला. ते गणूचं. गणूच्या बापाचा उभा जन्म त्यात गेला. डोक्याला मुंडासं, हातात काठी, की निघाला. ज्याला सांगायचं त्याच्या अंगणात उभं राहायचं. ओटीवर चढायचं नाय, टेकायचं नाय, पाणी प्यायचं नाय. घरातली बाई तांब्या घेऊन बाहेर येणार, विचारणार, "पाणी?" आणि हा म्हणणार, "नको." त्या एका 'नको'वर घराला कळायचं. कोण गेलं ते मागनं.

आणि हे घरोघर. देवळासमोर उभं राहून ओरडायचं नाय. "निरोप घराला द्यायचा असतो रे, गावाला नाय," बाप म्हणायचा. लांबच्या घरांचं काय? तर बाप आपल्या शिवेपर्यंत जायचा. तिथं शेंदराचा दगड हाय. तिथनं हाळी द्यायचा, की पुढच्या गावचा निरोप्या यायचा. ह्याच्या तोंडचा निरोप तो घ्यायचा आणि त्याच्या पलीकडच्या शिवेवर तिसऱ्याला द्यायचा. असा निरोप सरळगाव, किन्हवली करत पार शहापूरला पोचायचा. ह्याला मालक नव्हता कोणी. एखादा निरोप्या दारू पिऊन पडला तर त्याचा भाऊ जायचा, भाऊ नसला तर बायको जायची. पण निरोप मधीच अडला असं कोणी ऐकलं नाय.

मग मोबाईल आले. शिवेवरचे निरोपे म्हातारे होऊन मेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाय. गणूचे गुडघे गेले. सगळं गाव एका मोठ्या अॅपवर गोळा झालं होतं, म्हणून गणूनंही निरोप तिथनं द्यायला घेतला. पण रीत मोडली नाय. गावाचा ग्रुप होता, त्याच्यावर टाकायचा नाय. एकदा टाकलेलं कोणीतरी मयत ग्रुपवर. वर गुलाबाची फुलं नि गुड मॉर्निंग, खाली कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आणि मधी मेलेल्या म्हातारीला एकानं अंगठा दाखवलेला. छान झालं म्हणून! तेव्हापासून गणू प्रत्येक घराला वेगळा मेसेज टाकायचा. शब्द तेच, घर वेगळं.

वाळूआबा गेला त्या सकाळी गणू असाच ओटीवर बसला, चष्मा लावला, नि एकेक घर घ्यायला लागला. आधी आपली आळी, मग वरची आळी, मग मुरबाड, मग पलीकडचं. शेवटी शेवटी मेसेज नुसते गरागरा फिरत होते, जात नव्हते. रेंजचं असं नेहमीचंच, जातील हळूहळू, म्हणून त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि लाकडं फोडायला गेला. वाळूआबाचा लेक आदेश, त्यानं विचारलं, "सगळीकडं गेला ना रे निरोप?"

"गेला," गणू म्हणाला.

लहानीच्या पाड्यावर फोन लागत नाय. पण ती पाण्याला खाली उतरते, तिथं टेकाडावर रेंज येते, पडलेले मेसेज मिळतात, हे सगळ्यांना म्हाईत. म्हणून तिची वाट बघितली. दुपार कलली. गाडी नसेल मिळाली, असं म्हणत म्हणत शेवटी उचललं. आणि तिकडं लहानी रोजच्यासारखी पाण्याला उतरलेली, टेकाडावर उभी राहून मोबाईल बघितलेला, त्यात काय नाय. दुसऱ्या दिवशी आटगावच्या बाजारात आमच्याकडच्या एका बाईनं तिला मिरच्या घेताना बघितलं नि विचारलं, "तू हितं कशी गो?"

गणूनं मोबाईल परत बघितला तेव्हा त्याच्यावर कंपनीची पाटी. तुम्ही एकसारखे मेसेज पुष्कळ लोकांना पाठवलेत. हे नियमात बसत नाही. तुमचा नंबर बंद करण्यात आला आहे.

"मी काय लॉटरी विकत होतो?" गणू ओरडला. "माणूस मेलेला माझा!"

बायको रंभा चुलीपाशी होती. ती भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "तुमचे वडील लांबचं घर आधी घ्यायचे."

"मोबाईलला लांब-जवळ सारखंच असतं गो!"

"मग?"

गणू ताटावरनं उठला.

दुसऱ्या दिवशी तो मुरबाडला गेला. बाजारात अक्षयचं मोबाईलचं दुकान. गणूनं त्याच्यापुढं मोबाईल आपटला. "कंपनीचं ऑफिस कुठं हाय ते सांग. मी जातो."

"काका, असं नसतं. ऑफिस नाय यांचं हिकडं. अर्ज करायचा असतो ह्याच्यातनंच."

"कोणाच्या नावानं?"

"नाव नाय. नुसतं लिहायचं."

मग गणू सांगत गेला नि अक्षय लिहीत गेला. वाळूआबा कोण, निरोप म्हणजे काय, शीव म्हणजे काय, लहानी कशी राहिली. अक्षय म्हणाला, काका थोडक्यात सांगा. गणू म्हणाला, थोडक्यात माणूस मेला नाय. शेवटी अर्ज गेला. अक्षयनं चहा मागवला, तो यायच्या आत उत्तर आलं. आम्ही तुमचा अर्ज नीट तपासला आहे. तुम्ही नियम मोडल्याचं आढळलं आहे.

"कोणी तपासला?" गणूनं विचारलं. "एवढ्यात? अजून चहा नाय आला!"

"मशीन असतं काका."

"मशीनला शीव म्हाईत हाय?"

अक्षय गिऱ्हाईकाकडं वळला.

तिथनं एसटीनं घरी येईपर्यंत गणू एकटाच बडबडत होता. तहसीलदाराच्या हापिसात जा, तिथं निदान दाराशी शिपाई असतो. त्याच्यावर ओरडता येतं. तो आपल्यावर ओरडतो. पण ओरडायला माणूस असतो! हे कसलं घर, ज्याला दारच नाय? सगळ्या गावाचं बोलणं आपल्या पोटात घेऊन बसलं नि हाक मारायला दार नाय ठेवलं!

घरी आला तर शेजारची धोंडीबाई ओटीवर येऊन बसलेली. वाळूआबाची म्हातारी, लहानीची आये. दम्यानं छाती भात्यासारखी वाजत होती.

"गणू, माझं काय खरं नाय रे," ती म्हणाली. "आबाच्या टायमाला झालं ते झालं. माझ्या टायमाला लहानीला आधी कळायला पाहिजे. तू सांग मला, कळेल ना?"

"कळेल काकी."

"कसं कळेल? तुझा तो तर बंद केला म्हणं."

गणू दुसऱ्या दिवशी उठून बहिणीच्या घरी मुरबाडला गेला. बहिणीची पोरगी हर्षाली कल्याणला कंप्युटरच्या कंपनीत कामाला, सुट्टीची घरी होती. तिला म्हणाला, "पोरी, मला असं काहीतरी दे, जे कोणाच्या बापाचं नाय."

हर्षाली हसली. "मामा, हाय तसं. पण तुमचं कोणी येणार नाय त्याच्यावर."

"ते मी बघतो. आधी काय ते सांग."

तिनं सांगितलं, की एक मोकळं अॅप हाय. कोणी एक कंपनी त्याची मालक नाय. मेसेज सांभाळायला एक छोटा कंप्युटर लागतो, डबाच म्हणा. तो कोणीही आपल्या घरी ठेवू शकतो. तिनं ठेवलेला, टीव्हीच्या मागं. शहापूरला तिची मैत्रीण समीक्षा, तिचा डबा वेगळा. "तुमचं गाव माझ्या डब्यावर. लहानीमावशीचा पाडा समीक्षाच्या डब्यावर. तुम्ही निरोप टाकला की माझा डबा तो समीक्षाच्या डब्याला देणार. ती मावशीला. माझा नाय आवडला तर उद्या तुम्ही दुसऱ्याच्या डब्यावर जा, तरी सगळ्यांशी बोलता येतं."

गणू तिच्याकडं बघतच राहिला. "आणि मधी कोणी मालक नाय?"

"नाय."

"अगं मग हे तर आमचंच हाय! शीव हाय ही! माझा बाप हेच करत होता नि तुमी त्याला इंग्रजी नाव दिलं होय?" त्यानं टीव्हीच्या मागं वाकून डबा बघितला. जेवणाच्या डब्याएवढाच होता. हात जोडणार होता, पण पोरगी हसेल म्हणून खाजवल्यासारखं केलं.

इथून पुढं खरी कटकट सुरू झाली. मशीनशी भांडणं सोपं, माणसांशी कठीण. गणू घरोघर फिरायला लागला, बाप फिरायचा तसा. फक्त हा पाणी प्यायचा, चहा प्यायचा, आणि प्रत्येक घरी नवं अॅप घ्या म्हणून मागं लागायचा.

"त्याच्यावर कोण कोण हाय?" जनाबाईनं विचारलं.

"मी हाय."

"तू तर हितं समोर पण हायस."

दुसरा म्हणाला, माझ्या मोबाईलमध्ये जागा नाय. त्याच्या मोबाईलमध्ये बैलांच्या शर्यतीचे व्हिडिओ ठासून भरलेले. तिसरा म्हणाला, त्याच्यात बँकेतले पैसे जातात असं ग्रुपवर आलंय. कोणी टाकलं? भगीरथानं.

भगीरथ म्हणजे मागच्या टायमाचा सरपंच. पद गेलं, पण ग्रुप त्याच्या हातात राहिला. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, हे तो ठरवायचा. लग्नाचं आमंत्रण असो की रेशन आल्याची बातमी, त्याच्या मेहेरबानीनं. तो ग्रुप म्हणजे त्याची शेवटची खुर्ची.

देवळात माणसं जमवली तेव्हा तो मुद्दाम पुढं येऊन बसला. "गणूशेट," तो म्हणाला, "तुझा नंबर बंद झाला त्याचं वाईट वाटलं. पण म्हणून सगळ्या गावानं बिऱ्हाड हलवायचं? सगळे इकडं, नि तू एकटा तिकडं मांडव घालून बसलायस."

माणसं हसली. गणूचं डोकं फिरलं.

"हसा! लहानी त्या राखेपाशी उभी होती तेव्हा का नाय हसलात? आज माझा नंबर बंद केला, उद्या भगीरथाचा करतील, मग काय करशील रे? कोणाच्या दारात जाशील? दार हाय का त्यांना? तुमच्या घरात माणूस मेलं तर ते कोणाला सांगायचं नि कोणाला नाय, हे लांब कुठं तरी एक मशीन ठरवणार, नि तुमी त्याला अंगठा दाखवून छान म्हणणार! तुमच्या आजापणजांनी एक माणूस नेमला होता, त्याला तुमी रात्रीअपरात्री उठवू शकत होता, चुकला तर जोड्यानं मारू शकत होता. ह्याला मारून दाखवा!"

एक म्हातारी उठून घंटा वाजवून गेली. माणसं हळूहळू पांगली. काहींनी भिडेखातर अॅप घेतलं, पण आत गेले तर सगळं सुनं. ओसाड माळावर उभं राहिल्यासारखं वाटलं नि परत फिरले. आठवडाभरात तिथं गणू, रंभा आणि रंभाची सिद्धगडाखालची बहीण एवढीच माणसं उरली. त्या दोघी तासन्‌तास तोंडी मेसेज टाकायच्या, कोणाची गाय व्याली नि कोणाची सून कशी वागते. गणूला त्याचाच राग यायचा.

"मी निरोपासाठी आणलं हे, नि तुमी गप्पा हाणताय!"

"मग काय मयताची वाट बघत गप बसू?" रंभा म्हणाली.

हर्षालीलाही त्यानं फोनवर गावाच्या नावानं शिव्या ऐकवल्या. ती म्हणाली, "मामा, चांगलं हाय म्हणून कोणी येत नाय. आपलं माणूस तिथं असलं तर येतात. तुम्ही सगळ्या गावाच्या मागं का लागलाय? तुम्हाला पाहिजे एकच घर."

हे गणूला झोंबलं. कारण त्या एका घराकडंच तो गेला नव्हता. धीरच नव्हता होत.

आणि मग एका सकाळी मोबाईल वाजला. त्या मोठ्या कंपनीचा मेसेज. तुमचा नंबर चुकून बंद झाला होता. तो आता सुरू करण्यात आला आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

गणूनं तो रंभाला वाचायला लावला. परत वाचायला लावला.

"गैरसोय," तो म्हणाला.

"जाऊ द्या ना. झालं तर सुरू."

"गैरसोय! गैरसोय म्हणजे एसटी चुकते ती! नळाला पाणी येत नाय ती! एका बाईला बापाचं तोंड बघायला नाय मिळालं, त्याला गैरसोय म्हणतात हे? नि चुकून कोणाच्या? नाव लिहिलंय का खाली? माणूस चुकला तर समोर येतो, खाली मान घालतो!"

बाहेर बातमी पसरायला वेळ लागला नाय. भगीरथ सायकल थांबवून म्हणाला, "काय गणूशेट, झालं ना? परत या आता. मोडा तो मांडव."

गणू आत गेला, टोपी घातली, काठी घेतली, आणि आली ती जीप पकडली. सरळगाव, किन्हवली, शहापूर, तिथनं आटगाव, तिथनं पुढं चालत. ज्या वाटेनं बापाचे निरोप जायचे त्या वाटेनं. गुडघे ठणकत होते, घसा कोरडा पडला होता, नि डोक्यात तो एकच शब्द. गैरसोय. लहानीला जाऊन हेच सांगायचं होतं, की बघ, काय म्हणतात बघ हे तुझ्या बापाला. आणि मग हे नवं घे, माझ्यासाठी नाय, आयेसाठी घे.

पाड्यावर पोचला तेव्हा लहानी अंगणात बसून तांदूळ पाखडत होती. नवीन भात भरडून आणलेलं, सुपाचा फटफट आवाज चाललेला. तिनं वर बघितलं. अंगणाच्या कडेला गणू. मुंडाशासारखी टोपी, हातात काठी, तोंड लाल, डोळे लाल, दम लागलेला.

तिचं सूप हातातच थांबलं.

तिची सून अक्षदा तांब्या घेऊन बाहेर आली. तिला बिचारीला काय म्हाईत. "मामा, पाणी?"

आणि गणू, डोक्यात राग मावत नव्हता, तो ओरडला, "नको! पाणी नको मला! आधी लहानीला सांगू दे—"

सूप खाली पडलं. तांदूळ अंगणभर झाले. लहानीनं जी किंकाळी फोडली ती डोंगराला आपटून परत आली. "आये गोऽऽ!" बापाच्या राखेपाशी जे रडली नव्हती ते सगळं बाहेर पडलं. छाती बडवत, केस सोडून, तांदळात लोळत. "आये गो, तू पण गेलीस! ह्यानं तेव्हा नाय सांगितलं नि आता सांगायला आला गो!"

घराघरांतनं माणसं धावत आली. बाया तिला धरायला, गडी डोक्याला हात लावून उभे. एक जण म्हणाला, जीप बघतो. दुसरा म्हणाला, आदेशला कळवा, थांबवून ठेवा म्हणावं. अक्षदा तांब्या हातात धरून रडायला लागली.

"अगं मोबाईल! मोबाईलसाठी आलोय मी!" गणू ओरडत होता. कोण ऐकतंय? एका म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शांत हो बाबा. तुझं काम तू केलंस. आमच्यावेळेला निरोप्या असाच पायी यायचा."

तेव्हा गणूच्या डोक्यात उजेड पडला. काठी टाकली, अक्षदाच्या हातातनं तांब्या हिसकला, आणि सगळ्यांच्या समोर तोंड वर करून घटाघटा प्यायला लागला. अर्धं पाणी शर्टावर, अर्धं पोटात. तांब्या उपडा करून दाखवला. "आणखी आण!" अक्षदानं हंडाच उचलून आणला. त्यानं ओंजळीनं प्यायलं. मग ओटीवर चढला नि मांडी घालून बसला. पार आत, भिंतीला टेकून.

आरडाओरडा एकेक करून थांबला.

"निरोप्या पाणी प्याला," तो म्हातारा म्हणाला.

"बसला पण," कोणीतरी म्हणालं.

"जिवंत हाय!" गणूला ठसका लागला होता. "धोंडीकाकी जिवंत हाय! सकाळी मला शिव्या घालून पेज प्यायलीय!"

लहानी उठून बसली. केसांत तांदूळ, तोंडावर माती. गणूकडं बघत राहिली. मग हाताला आलं ते सूप तिनं उचलून त्याच्या अंगावर फेकलं.

"मेल्या! रांडेच्या! निरोप्याच्या पोटचा ना तू? पाण्याला नको म्हणतोस? जीव गेला असता माझा!"

"मार," गणू म्हणाला. "आणखी मार. त्यासाठीच आलोय."

तिनं खरंच आणखी एक दोन ठेवून दिल्या, मग त्याच्याच शेजारी ओटीवर बसली आणि पुन्हा रडायला लागली. पण आता हळू. आबा, आबा म्हणत. बायकांनी तिला रडू दिलं. गणू मान खाली घालून बसून राहिला. मग ती डोळे पुसून म्हणाली, "बोल आता, काय घेऊन आलायस."

त्यानं सगळं सांगितलं. कंपनीचा मेसेज वाचून दाखवला. गैरसोय शब्दाला पाड्यावरची माणसंसुद्धा थुंकली. मग त्यानं डब्याचं सांगितलं, हर्षालीचा तिकडं, समीक्षाचा शहापूरला, मधी शीव.

"आणि ह्या पोरींनी उद्या दार लावलं तर?" लहानीनं विचारलं. बाई हुशार.

"लावू दे. दुसऱ्याच्या डब्यावर जाऊ. नि हर्षालीचं घर मला म्हाईत हाय गो. जाऊन तिच्या दारात ओरडता येतं. तुला माझ्यावर सूप फेकता आलं ना? तसं."

लहानी तांदूळ वेचत म्हणाली, "पण मला तुझा निरोप नको."

गणू उठायला लागला तसं तिनं त्याला खाली बसवलं.

"मेल्याचा निरोप काय करायचाय मला? तो आला की मी धावायचं, नि धावून काय बघायचं? जिती हाय तोवर तिचा आवाज पाठव. दमा कसा हाय, काय खाल्लं, माझ्या नावानं कुरकुरते का. ते पाठवणार असशील तर घेते."

गणूला एकदम रंभा आठवली. मयताची वाट बघत गप बसू काय, म्हणाली होती.

मग सगळे टेकाडावर गेले, रेंज तिथंच. मयताला म्हणून जमलेली माणसं, मयत तर नाय झालं, मग आता आलोच आहोत तर, म्हणून पाड्यावरच्या बऱ्याच जणांनी तिथंच अॅप घेतलं. तो म्हातारा म्हणाला, माझा मोबाईल बटणाचा हाय, मला ह्याच्यात धरू नका, पण शिवेचं काम असेल तर हाळी द्यायला मी येईन. अक्षदानं एकेकाला नाव घालून दिलं. गणूनं घरी रंभाला मेसेज टाकला, काकीजवळ जा.

थोड्या वेळानं मोबाईल वाजला. आधी छातीची घरघर, मग धोंडीबाईचा आवाज, एवढा मोठा की पाण्यावर आलेल्या बायका वळून बघायला लागल्या. "ह्याच्यात बोलायचं? कुठं, हितं? लहाने! अगं तुझा भाऊ पेजेत मीठ घालत नाय गो! नि गणू कुठं उलथलाय सकाळपासनं, त्याला सांग…" मधी रंभा म्हणाली, काकी, लांबनं बोला. "लांबनं कशाला, लेक लांब हाय म्हणून तर जवळनं बोलते!"

लहानी मोबाईल दोन्ही हातात धरून उभी होती. बटण दाबलं नि म्हणाली, "आये, मी उद्या येते गो. मीठ घेऊन येते."

घरी भगीरथाचा ग्रुप तसाच चालू होता, गाव तिथंच होतं. त्यांच्याशी भांडण बाकी होतं आणि गणू ते सोडणार नव्हता. उद्या देवळात पुन्हा उभं राहायचं, पुन्हा शिव्या घालायच्या. पण आता जीपची वेळ झाली होती. तो काठी घेऊन निघाला तशी लहानी घरातनं तांब्या घेऊन आली. त्याच्यासमोर धरला, नि एक भुवई वर करून विचारलं,

"पाणी?"

पोट तट्ट फुगलेलं होतं. गणूनं तांब्या घेतला आणि तळ दिसेपर्यंत प्याला.